करियाने अन्न सोडल्याबाबत

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, परंडा,
जिल्हा उस्मानाबाद.

अर्जदार: महांतप्पा वलद ईरण्णा, पूर्वी सरकारी शाळेत शिक्षक, राहणार मौजे बोरखडी, तालुका परंडा.

विषय: चावडीच्या नोंदीप्रमाणे अर्जदाराच्या मालकीचा, परंतु मनाने शेजाऱ्याचा असलेला काळा कुत्रा अन्न घेत नाही, एवढ्यावरून तो पिसाळलेला समजून मारला जाऊ नये, याकरिता मोहलत मिळणेबाबत.

संदर्भ: सदर कुत्र्याविषयी मौजे बोरखडीच्या चावडीवरून कचेरीत गेलेला रिपोर्ट.

महोदय,

अर्जदाराचा सगळा जन्म लहान मुलांना शिकवण्यात गेला. नोकरी संपून वजिफ्यावर निघाल्यानंतरही रोज सकाळी त्याच्या ओसरीवर मुले पाट्या घेऊन बसतात. मुलांना कोणतीही गोष्ट समजावून द्यायची तर आधी ती त्यांच्या डोळ्यांपुढे उभी करावी लागते. ही सवय अर्जदाराला आता कागदावरही सुटत नाही. आपण हुद्द्याने मोठे असलात तरी वयाने तरुण आहात असे ऐकतो. तेव्हा विनंती अशी, की हा अर्ज हाती असेपर्यंत अर्जदाराबरोबर थोडी कल्पना करावी.

समजा, आपण एक कुत्रा पाळला आहे. आपण सकाळी उठता आणि स्वतःचे तोंड धुण्याआधी त्याचे शिळे पाणी फेकून ताजे भरता. आपल्या घरी सण असला तरी त्याला भूक लागते, आपला उपवास असला तरी लागते. त्याच्या कानातल्या गोचिडी आपण काढता, त्याने अंगणात केलेली घाण आपण काढता. आता समजा, संध्याकाळ झाली, वाटेवर धूळ उठली, आपला शेजारी रानातून परत आला, आणि आपला कुत्रा आपल्या उंबऱ्यावरून उठून, मागे वळूनसुद्धा न पाहता, त्याच्याकडे धावत सुटला. त्या शेजाऱ्याने त्याच्यासाठी काडीचेही काही केलेले नाही. अशा वेळी आपल्याला काय वाटेल? जे वाटेल ते मनात धरून ठेवावे आणि पुढचा मजकूर वाचावा, म्हणजे अर्जदाराची बाजू निम्मी कळल्यासारखीच आहे.

१. हा कुत्रा अर्जदाराने हौसेने आणलेला नाही. गुऱ्हाळाच्या चिपाडांत मुलांना तो सापडला. त्याची आई बार्शीच्या रस्त्यावर गाडीखाली गेली होती. मुलांनी पिल्लू थेट ओसरीवर आणले आणि आळीपाळीने सांभाळू, असे सगळ्यांनी शपथेवर सांगितले. पहिल्या मुलाकडून ते दुसऱ्या दिवशी परत आले, कारण त्याच्या आजीला त्याचे रडणे अशुभ वाटले. दुसऱ्याकडे मांजर होते. तिसऱ्याच्या घरी त्याने दह्याचे मडके पालथे घातले. अर्जदार रागावला नाही. त्याने मुलांना समोर बसवून सांगितले, की जनावर पाळणे म्हणजे एक दिवसाची हौस नव्हे, रोज उठून तीच हौस नव्याने करावी लागते. मुलांनी ते शांतपणे ऐकले आणि ती एकमुखाने म्हणाली, की मग गुरुजी, तुम्हीच पाळा. मुलांपुढे बोललेला शब्द शिक्षकाला माघारी घेता येत नाही. अशा रीतीने कुत्रा अर्जदाराचा झाला. रंग काळा, म्हणून अर्जदाराच्या घरच्या कानडी बोलीप्रमाणे त्याचे नाव करिया ठेवले. हे नाव साहेबांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते कोणीच ठेवलेले नाही.

२. त्याच्यापायी अर्जदाराने काय सोसले ते थोडक्यात असे. लेव्हीची ज्वारी सरकारात घातल्यावर घरात जे उरते, त्यातून करियाची भाकरी निघते. अर्जदाराची पत्नी पार्वतम्मा हिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले, की माणसांच्या भाकरी मी थापते, तुमच्या करियाची तुम्ही थापा. अर्जदार या वयात भाकरी थापायला शिकला. तिच्या कडा फाटतात, पण करियाने कधी नाव ठेवले नाही. त्याला खरूज झाली तेव्हा अर्जदाराने करंजाच्या तेलात गंधक कालवून महिनाभर त्याचे अंग चोळले. त्या वासामुळे मुले ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून पाढे म्हणत. मुलगी महादेवी हिच्या घरी भूमला बारसे होते, त्याला अर्जदार गेला आणि पाळणा म्हणून होताच परत फिरला. व्याही अजून विचारतात, की मास्तर, घरी असे कोण आजारी होते.

परंतु सर्वांत कठीण प्रसंग कोंबडीचा. करिया वयात येत असताना त्याने पाटील महारुद्र यांची एक तलंग मारली. पाटलांनी सांगितले, की पैसे नकोत, तलंगेच्या बदली तलंग पाहिजे. अर्जदार लिंगायत आहे. त्याच्या गळ्यात लिंग आहे, आणि त्याच्या घराण्यात कोणी अंड्याकडेही बोट दाखवलेले नाही. तरीसुद्धा तो परंड्याच्या बाजारात गेला, कोंबडी कशी पारखतात ते ठाऊक नसल्यामुळे जी सर्वांत गप्प दिसली ती घेतली, आणि उपरण्याखाली झाकून निघाला. ती गप्प नव्हती, नुसती झोपलेली होती. मठासमोर, नेमके ओळखीचे चार लोक कट्ट्यावर बसलेले असताना तिने उपरण्यातून मान काढली आणि ओरडायला सुरुवात केली. एकाने मोठ्या आदराने विचारले, "मास्तर, आज काय बेत?" त्यानंतर कित्येक दिवस गावातली माणसे अर्जदाराला कोंबडीचा भाव विचारत. हे सर्व अर्जदाराने कोणाच्या कुत्र्यासाठी केले, असा त्याचा साधा प्रश्न आहे.

३. आता शेजारी. त्याचे नाव हरिबा वलद गोरोबा, जात धनगर, मेंढरे राखतो. त्याची पत्नी म्हाळसाबाई. नात गजरा, अर्जदाराच्या ओसरीवर शिकते, अक्षर बरे आहे, हिशेबात मन नाही. दोन घरांमध्ये कमरेएवढा मातीचा गडगा आहे. माणूस भला आहे, हे अर्जदार नाकारत नाही. तो वाईट असता तर अर्ज करणे पुष्कळ सोपे झाले असते.

हरिबाच्या घरचे दैवत खंडोबा. चंपाषष्ठीला त्यांच्याकडे वांग्याचे भरीत आणि रोडगे करतात, तळी भरतात, आणि देवाला नैवेद्य दाखवल्यावर पहिले पान कुत्र्यापुढे मांडतात. कुत्रा जेवल्याशिवाय घरातल्या माणसाने तोंडात काही घालायचे नाही. गेल्या चंपाषष्ठीच्या थोडे आधी त्यांचा म्हातारा कुत्रा मेला. म्हाळसाबाई गडग्यापाशी येऊन म्हणाली, "मास्तर, तुमचा करिया आजच्या दिस देता का? सांच्याला आणून बांधते." अर्जदाराला अभिमान वाटला. देवाच्या पंगतीला आपला कुत्रा बसणार, तर तो शिक्षकाच्या घरचा दिसावा, अधाशासारखा दुसऱ्याच्या पानावर पडू नये, असे त्याच्या मनात आले. त्याने दुधात दोन भाकरी कुस्करल्या, करियाला पोटाला तडस लागेपर्यंत खाऊ घातले, आणि मग पाठवले. शेजारी असूनही त्या पानाची रीत अर्जदाराला पुरती ठाऊक नव्हती.

पुढे काय झाले ते गजराने दुसऱ्या दिवशी ओसरीवर सांगितले. करियाच्या कपाळाला भंडारा लावला, पुढे पान मांडले. त्याने वास घेतला, जांभई दिली आणि पानाशेजारीच झोपला. घरातली सगळी माणसे, पोरेटोरे धरून, उपाशी बसून राहिली. हरिबाने कुत्र्याला दटावले नाही की तोंडात घास कोंबला नाही. तो त्याच्याजवळ बसला. दुपार कलली तेव्हा त्याला मेंढरांमागे रानात नेले, त्याच्याबरोबर ओढ्याकाठी धावला, बाभळीखाली पाय पसरून बसला आणि बसूनच राहिला. दिवस मावळताना करियाला भूक लागली. मग तो दोन रोडगे जेवला आणि मग ते घर जेवले. गजरा म्हणाली, की भूक लई लागली होती, पण आजा म्हणाला, "देव जेवंस्तवर बसायचं."

ठरल्याप्रमाणे म्हाळसाबाईने संध्याकाळी कुत्रा आणून बांधला. पण साहेब, तो परत आलेला कुत्रा वेगळा होता.

४. त्या दिवसापासून करिया जेवायला अर्जदाराकडे येतो आणि राहायला हरिबाकडे जातो. अर्जदाराला पाहून त्याचे शेपूट एकदा हलते, वर्गात हजेरी दिल्यासारखे. हरिबाला पाहून त्याचे सगळे अंग हलते. हरिबाच्या घरी त्याला वाघ्या म्हणतात. करिया अशी हाक मारली तर तो पाय खाजवतो. वाघ्या म्हटले की दोन्ही कान उभे. अर्जदाराने मुलांपुढे आयुष्यभर सांगितले, की दुसऱ्याचे चांगले पाहून पोटात दुखू देऊ नये. ते सांगणे किती सोपे होते, हे त्याला या उतारवयात कळले. संध्याकाळी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या की अर्जदार काहीतरी निमित्त काढून आत जातो, कारण तो धावणारा कुत्रा त्याला बघवत नाही. आत गेल्यावर तो खिडकीतून बघतो.

हरिबा असे काय करतो, हे शोधून काढावे म्हणून एके दिवशी अर्जदार मेंढरांच्या मागावर रानात गेला आणि टेकाडाआड बसला. त्याला वाटले होते, की हाडूक टाकत असेल, काही शीळ घालत असेल, निदान डोके तरी खाजवत असेल. हरिबा काहीच करत नव्हता. तो दोरी वळत होता आणि कुत्र्याची हनुवटी त्याच्या पायावर होती. हनुवटीखाली पाय अवघडला तरी त्याने तो काढला नाही. अर्जदार काट्यांत बसून हे पाहत होता. त्याला वाटले, आपण लबाडी पकडली असती तर बरे झाले असते.

मग अर्जदाराला सुचले, की हा सगळा मेंढरांच्या वासाचा प्रभाव असावा. त्याने हरिबाकडूनच एक जुनी घोंगडी विकत घेतली आणि ऐन दुपारी अंगावर घेऊन अंगणात बसला. करिया आला. घोंगडी हुंगली. अर्जदाराच्या तोंडाकडे पाहिले, पुन्हा घोंगडी हुंगली, आणि गडग्यावरून उडी मारून हरिबाला शोधायला गेला. पार्वतम्मा दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, घाम पुसा. सवतीवर जळावं तसं जळताय तुम्ही."

५. गेल्या महिन्याच्या अखेरीस तेलाचा फेरीवाला वीरभद्र गावात आला असता वाटेत झोपलेल्या करियाच्या शेपटीवर त्याचा पाय पडला, आणि करियाने त्याची पोटरी धरली. जखम मोठी नव्हती. परंतु पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती सगळीकडे आहे, आणि त्याबाबतचा हुकूम साहेबांना माहीत आहेच. चावलेला कुत्रा मालकाने आपल्या दारात बांधून ठेवावा, चावडीच्या शिपायाने येऊन पाहणी करावी, आणि कुत्र्याने अन्नपाणी सोडले तर त्याला गोळी घालावी. पाटलांनी विचारले, की कुत्रा कोणाचा. अर्जदार पुढे झाला. हरिबाही पुढे झाला. पाटलांनी शिपायाला विचारले, की तो झोपतो कुठे, आणि शिपायाने सांगितले, हरिबाच्या अंगणात. तेवढ्यावर मालक म्हणून हरिबाचे नाव लिहिले गेले. अर्जदाराने नम्रपणे निदर्शनास आणले, की पाटील स्वतः रोज दुपारी चावडीत झोपतात, म्हणून ते चावडीच्या मालकीचे ठरत नाहीत. लोक हसले. नोंद बदलली नाही.

हरिबाने एक कोकरू विकले आणि वीरभद्राला सुया घेण्यासाठी दवाखान्यात धाडले. त्याच्या घरी जाऊन हात जोडून आला. कुत्रा आपल्या दारात बांधला. कोणालाही वाटेल, की आपल्यावरचे संकट शेजाऱ्याकडे गेले म्हणून अर्जदार सुखी झाला असेल. खरी गोष्ट अशी, की त्या कोकराच्या ठिकाणी आपले काही विकले गेले नाही, याचेच अर्जदाराला दुःख झाले. इतके दिवस कुत्र्याचे प्रेम तिकडे होते आणि भार इकडे होता. आता भारही तिकडे गेला. अर्जदाराकडे काय उरले?

६. हरिबाने बार्शीकडच्या शेतकऱ्यांना सुगी उरकल्यावर खतासाठी शेतात मेंढरे बसवण्याचा शब्द दिलेला होता. इकडे चारा संपला होता. मेंढरे घेऊन जावे तर कुत्र्याच्या दारात मालक नाही, कुत्र्यापाशी थांबावे तर मेंढरे उपाशी. दोन दिवस तो घरात-बाहेर करत होता. शेवटी तो दोरी हातात घेऊन अर्जदाराच्या दारात आला, कुत्रा पाठोपाठ. म्हणाला, "मास्तर, ह्यो तुमचाच हाय. तुमच्या भाकरीवर वाढलाय. म्या चावडीत सांगून आलोय, नाव तुमचं लागंल. वाघ्याला सांबाळा." एवढे बोलून दोरी अर्जदाराच्या हातात दिली. देतानासुद्धा वाघ्या म्हणाला.

नोंद त्याच दिवशी बदलली. अर्जदाराने ती स्वतः डोळ्यांनी वाचली आणि घरी येताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी हरिबा आणि म्हाळसाबाई मेंढरे घेऊन गेली. गजरा तिच्या आईबरोबर मागे राहिली. अर्जदाराने त्या दिवशी पार्वतम्माला तूप मागून घेतले आणि भाकरीला लावले. घरात मंगल कार्य असावे तसा तो उठबस करत होता.

७. करियाने ती भाकरी खाल्ली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही, आज अर्ज लिहीपर्यंत नाही. तो बार्शीच्या वाटेकडे तोंड करून बसतो. अर्जदाराने दूध ठेवले, गूळ ठेवला. शेवटी, सांगायला लाज वाटते, मुलाण्याकडून हाडे मागवून ज्या अंगणात रोज पूजेची फुले वेचतात त्या अंगणात ठेवली. पार्वतम्मा आत गेली आणि तिने देवघराचे दार लावून घेतले. करियाने हाडांकडे पाहिले नाही. मग अर्जदाराने आजूबाजूला कोणी नाही असे बघितले, आणि ज्या नावाने त्याने कुत्र्याला कधीही हाक मारली नव्हती त्या नावाने हाक मारली. कान उभे राहिले. करियाने मान वळवली, अर्जदाराच्या खांद्यावरून मागे वाटेकडे पाहिले, तिथे कोणी नव्हते, आणि मान पुन्हा पायांवर टेकली.

काल चावडीचा शिपाई आला. कुत्र्यापुढची भाकरी सुकलेली पाहून, कुत्र्याने अन्न सोडले, असे त्याने चावडीत कळवले. तसा रिपोर्ट कचेरीत गेला, आणि येत्या बाजाराच्या दिवशी बंदूकवाला शिपाई येणार, असे पाटलांनी सांगितले आहे. साहेब, कुत्रा पिसाळलेला नाही. त्याच्या तोंडाला फेस नाही, तो कोणावर धावत नाही, पाणी पितो. शिपाई आला तेव्हा त्याला तहान नव्हती, एवढेच. अर्जदाराने जन्मभर मुले पाहिली आहेत. नव्या शाळेत आईने सोडून गेल्यावर पहिले काही दिवस जे मूल डबा उघडत नाही, ते आजारी नसते. करियाचा आजारही पिसाळण्याचा नाही, हरिबाचा आहे. हे वाक्य लिहिताना अर्जदाराचा हात थांबला होता, परंतु त्यावाचून कुत्र्याचा जीव वाचत नाही.

सबब अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे:

(अ) बंदूक पाठवण्यास मोहलत द्यावी.

(आ) हरिबास परत बोलावण्याची तजवीज व्हावी. तो सध्या इंग्रजी हद्दीत आहे, त्यामुळे इकडचा हुकूम तिकडे चालत नाही, याची अर्जदाराला जाणीव आहे. तरी बार्शीच्या मामलेदारांस साहेबांनी एक पत्र लिहावे, की आमच्या हद्दीतला एक कुत्रा आपल्या हद्दीतल्या एका धनगराअभावी जेवत नाही.

(इ) हरिबा आल्यास त्याने कुत्र्याला जेवू घालावे आणि परत जावे. विनाकारण बसू नये. बसलाच तर पायावर हनुवटी ठेवू देऊ नये.

(ई) कलम (इ) रद्द समजावे. त्याला हवे तितके बसू द्यावे.

(उ) कुत्र्याने अर्जदाराच्या हातचे खावे, असा हुकूम करणे साहेबांच्या अखत्यारीत असेल तर तो करावा. नसेल, तर ज्याच्या हातचे तो खाईल त्याच्या नावे नोंद फिरवण्यास अर्जदाराची हरकत राहणार नाही. भाकरी मात्र अर्जदारच थापून देईल. भार त्याच्याकडे राहू द्यावा.

साहेबांच्या घरी लेकरे असतील, देव त्यांना सुखी ठेवो, ही प्रार्थना.

आपल्या न्यायाकडे डोळे लावून बसलेला,
महांतप्पा वलद ईरण्णा
मौजे बोरखडी
ता. ६ उर्दिबेहिश्त सन १३५३ फसली

सोबत:
कुत्रा पाणी पितो हे समक्ष पाहिल्याबद्दल पार्वतम्मा हिचा अंगठा.
शेपटीवर आधी आपला पाय पडला, याबद्दल वीरभद्र याचा जबाब.

ता. क. अर्जाची घडी घालायच्या आत एक गोष्ट घडली, ती साहेबांना कळवणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. अर्जदाराने नेहमीप्रमाणे करियापुढे ताजी भाकरी ठेवली, थोडे थांबून पाहिले, आणि उन्हे चढली म्हणून ओसरीवर आपल्या ताटावर येऊन बसला. पहिला घास मोडला तोच गजरा पाटी घेऊन आली. तिने अंगणातल्या भाकरीकडे पाहिले, मग अर्जदाराच्या ताटाकडे पाहिले.

"गुरुजी, त्यो जेवला न्हाय," ती म्हणाली.

अर्जदार म्हणाला, की नाही बाळ, तो जेवतच नाही.

"मंग तुमी कसं काय जेवताव?"

अर्जदाराने तिला जवळ बसवून समजावून सांगितले, की सांभाळणाऱ्याने अंगात बळ ठेवावे लागते, दोघेही उपाशी राहिले तर कोणाचेच भले होत नाही. हे त्याने चांगल्या रीतीने, उदाहरण देऊन सांगितले. गजराने शेवटपर्यंत ऐकले. तिची स्वतःची न्याहारी व्हायची होती, हे तिच्या सुकलेल्या ओठांवरून दिसत होते. मग तिने पाटी भिंतीला टेकवली, अर्जदारापुढचे ताट दोन्ही हातांनी उचलले, आत नेऊन बुट्टीखाली झाकून ठेवले, आणि अंगणात जाऊन खुंट्याजवळ मातीत मांडी घालून बसली. तिने करिया म्हटले नाही की वाघ्या म्हटले नाही. भाकरी पुढे सरकवली नाही. तोही जिकडे बघत होता तिकडेच ती बघत राहिली. थोड्या वेळाने ती किंचित बाजूला सरकली, शेजारची माती तळहाताने झाडून साफ केली, आणि अर्जदाराला बसायला जागा करून दिली.